यादी एकटीने करू नका

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असा मजकूर गाळून, थोडं संक्षिप्त करून):

"तीन आठवड्यांपूर्वी डोंगर उतरून आलेल्या वणव्यात आमचं घर पूर्ण जळलं. मी, नवरा, ७४ वर्षांच्या सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा, असे चौघं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. सध्या नातेवाइकांकडे एका खोलीत आहोत. विमा कंपनीने घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी मागितली आहे, खरेदीचं वर्ष आणि किमतीसकट. मी रोज वही उघडते, दोन ओळी लिहिते आणि रडत बसते. सासूबाईंना रोज राखेत जाऊन लग्नातली अंगठी शोधायची आहे. नवरा म्हणतो, जागा विकून मोकळं होऊ. एकाचा फोनही आला, रोख पैसे द्यायला तयार आहे. मदत केंद्रावर मी अजून गेलेले नाही. आम्ही आयुष्यभर देणाऱ्यांत होतो, घेणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायला पाय उचलत नाही. शिवाय आमच्यापेक्षा वाईट अवस्थेतले कितीतरी आहेत. शेजाऱ्यांचं घर वाचलं, ते परत राहायलाही गेले, तरी 'आमचंही खूप नुकसान झालं' म्हणतात. मला राग येतो, मग त्या रागाची लाज वाटते. सगळे म्हणतात, जिवानिशी वाचलात ना! हो, वाचलो. परवा मुलाने विचारलं, 'यादीत माझी सायकल पण लिहिणार का?' मला उत्तर देता आलं नाही. सुरुवात कुठून करू?"

ताई,

उद्या सकाळी मदत केंद्रावर जा. तुमच्या पत्रात हा मुद्दा मध्येच कुठेतरी येऊन जातो, पण मी तो सगळ्यात आधी घेते, कारण बाकीच्या प्रश्नांना थोडा वेळ देता येईल, याला नाही. मदतीच्या अर्जांना शेवटची तारीख असते आणि ती आपलं मन तयार होण्याची वाट पाहत थांबत नाही.

तुम्ही देणाऱ्यांत होतात. मग आठवून पाहा, देताना तुमच्या मनात काय असायचं? घेणाऱ्या बाईकडे तुम्ही कधी खालच्या नजरेने पाहिलंत? मला नाही तसं वाटत. तिला लवकर उभं राहता यावं, एवढंच वाटलं असेल. उद्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसालाही तेवढंच वाटणार आहे. आणि तुम्ही रांगेत उभ्या राहिलात म्हणून जास्त गरजूंच्या वाट्याचं काही कमी होत नाही. किती कुटुंबं बेघर झाली, किती जणांना तात्पुरता निवारा लागेल, याचा अंदाज नोंदणीवरून बांधला जातो. ज्यांनी नावच लिहून दिलं नाही, त्यांची घरं कागदोपत्री जळलेलीच नसतात.

२०१६ च्या मे महिन्यात कॅनडातल्या फोर्ट मॅकमरी शहरातून सुमारे ८८ हजार माणसांना वणव्यामुळे बाहेर पडावं लागलं. तेलाच्या उद्योगावर उभं राहिलेलं ते शहर, चांगल्या पगाराच्या माणसांचं. रेड क्रॉसने तिथे नोंदणी झालेल्या कुटुंबांना दर प्रौढामागे ६०० आणि दर मुलामागे ३०० कॅनेडियन डॉलर थेट पाठवले. ते पैसे घर सोडावं लागलेल्यांसाठी होते आणि घर सोडावं लागलं होतं सगळ्यांनाच. तुमचंही तेच आहे. तुमचं घर जळलं, एवढी ओळख त्या रांगेत पुरेशी आहे.

केंद्रावर गेलात की फक्त कपडे-ब्लँकेट घेऊन परत येऊ नका. एक प्रश्न आवर्जून विचारा: आमच्या कुटुंबासाठी एकच ठरलेला माणूस मिळेल का? ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसं गेली, दोन हजारांहून जास्त घरं जळली. तिथल्या सरकारने त्यानंतर झळ बसलेल्या कुटुंबांसाठी अशा कार्यकर्त्यांची खास व्यवस्था उभी केली. हा माणूस तुमची कागदपत्रं एकदा समजून घेतो आणि पुढे कुठल्या खात्याकडे कुठला अर्ज करायचा ते सांगतो, पाठपुरावाही करतो. नाहीतर तीच कहाणी दहा खिडक्यांवर दहा वेळा सांगावी लागते, आणि तो त्रास आगीनंतरची दुसरी आग असतो. ठरलेला माणूस मिळाला नाही, तर निदान जिथे जाल तिथे समोरच्याचं नाव, तारीख आणि अर्जाचा क्रमांक लिहून घ्या.

एखाद्या अर्जावर नकार आला, तर पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बऱ्याचदा तो नकार नसतोच. एखादा कागद कमी असतो, किंवा विम्याचा निर्णय येईपर्यंत प्रकरण थांबवलेलं असतं. अमेरिकेत केंद्रीय आपत्ती संस्थेच्या निर्णयावर ६० दिवसांत अपील करता येतं. तुमच्याकडे मुदत किती, ते त्या पत्रावरच असेल. पहिल्या पत्राने खचून पुढे काही न करणं, यात फार लोकांचं फार नुकसान होतं.

आता यादी.

मी अकरा वर्षांची असताना आमचंही घर जळलं होतं. वणवा नव्हता, विजेच्या तारांनी पेट घेतला होता. आईने एक जाड वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'पुढची खोली'. तिलाही दोन ओळींच्या पुढे जाता येईना. मग मावशी यायला लागली. आई डोळे मिटून बोलायची आणि मावशी लिहायची. कधी दोघी रडायच्या, कधी एखाद्या जुन्या खुर्चीवरून हसत सुटायच्या. वही जवळजवळ वर्षभर भरत राहिली. एकदा बाबा दाढी करता करता मोठ्याने म्हणाले, "अगं, शिडी!" आम्ही सगळे वहीकडे धावलो. ती शिडी अकरा महिन्यांनी आठवली होती.

हे अशासाठी सांगते की तुमचं अडतंय ते तुमच्या दुबळेपणामुळे नाही. ही यादी म्हणजे गेलेल्या घरात पुन्हा शिरून एकेका वस्तूचा निरोप घेणं आहे, आणि ते तुम्हाला हिशेबाच्या भाषेत करायला सांगितलंय. असं काम एकट्याने होत नाही. तुमच्या ओळखीत दहा जण तरी 'काही लागलं तर सांग' म्हणाले असतील. त्यातल्या एकीला हेच सांगा: रोज संध्याकाळी अर्धा तास ये, मी बोलेन, तू लिही. अर्धा तास झाला की वही बंद, भले मध्येच असाल.

एका दिवशी एकच खोली घ्या. मनाने दारात उभ्या राहा आणि उजव्या हाताच्या भिंतीपासून सुरुवात करून फिरत फिरत परत दारात या. वाटेत कपाट आलं की उघडा, वरच्या खणापासून खालपर्यंत. वस्तू, किती होत्या, कुठल्या कंपनीची, साधारण कधी घेतली, आज तशीच नवी घ्यायची तर किती पडेल, एवढे रकाने पुरेत. वर्ष नक्की आठवत नसेल तर 'अंदाजे' असं स्वच्छ लिहा. अंदाज अंदाज म्हणून सांगणं हा खोटेपणा नाही. फुगवून मात्र काही लिहू नका, एका खोट्या नोंदीने सगळ्या खऱ्या नोंदींवर संशय येतो. मोठ्या वस्तू कुणी विसरत नाही. राहून जातात ते टॉवेल, बल्ब, हँगर, औषधं, चष्म्याची जुनी जोडी, हत्यारांची पेटी, माळ्यावरच्या बॅगा. त्यांची बेरीज पाहिलीत की थक्क व्हाल.

आठवणीला आधार पुष्कळ मिळतो. नातेवाइकांना त्यांच्या फोनमधले तुमच्या घरातले फोटो मागा आणि माणसांच्या मागे काय दिसतंय ते बघा. वाढदिवसाच्या एका फोटोत अख्खं शोकेस सापडतं. ऑनलाइन खरेदीच्या खात्यात जुन्या ऑर्डरी असतात, बँकेच्या आणि कार्डाच्या उताऱ्यांतही बरंच मिळतं. फ्रिज किंवा वॉशिंग मशीन दुकानातून घेतलं असेल, तर दुकानदाराकडे बिलाची प्रत असण्याची शक्यता असते.

कंपनीला मात्र आजच दोन गोष्टी लेखी विचारा. पहिली, पूर्ण यादी होण्याआधी काही रक्कम आगाऊ मिळेल का? कॅलिफोर्नियात आणीबाणी जाहीर झालेल्या आपत्तीत घर पूर्ण गेलं असेल, तर सामानाच्या विम्याचा काही भाग तपशीलवार यादी न मागता द्यावा, असा कायदाच आहे. तुमच्याकडे तसा नियम नसला तरी मागायला हरकत नाही. कंपन्या देतात, पण सहसा मागितल्याशिवाय नाही. दुसरी, पॉलिसीची पूर्ण प्रत. नुसतं पहिलं पान नको, सगळ्या अटींसकट हवी.

प्रत आली की सर्वांत आधी हे शोधा: भरपाई घसारा, म्हणजे वापरामुळे उतरलेली किंमत, वजा करून मिळणार आहे की नव्याने घेण्याच्या किमतीने? दहा वर्षं वापरलेल्या पलंगाला पहिल्या हिशेबाने थोडेच पैसे मिळतात, दुसऱ्या हिशेबाने नव्या पलंगाचे. दुसऱ्या प्रकारातही बऱ्याच कंपन्या आधी घसारा कापून रक्कम देतात आणि वस्तू खरोखर घेतल्याची पावती दाखवली की उरलेली देतात. ही उरलेली रक्कम माणसं मागायचीच विसरतात! नंतर तात्पुरत्या निवासाचं कलम बघा. तुम्ही नातेवाइकांच्या एका खोलीत चौघं राहताय, आणि कदाचित तुमच्या पॉलिसीत भाड्याच्या घराचा खर्च बसतही असेल. दागिन्यांसाठी वेगळी, कमी मर्यादा असते, तीही पाहून ठेवा. आणि 'अंतिम' किंवा 'पूर्ण व शेवटचा निपटारा' असे शब्द असलेल्या कागदावर कुणाला दाखवल्याशिवाय सही करू नका, चेकच्या मागे ते शब्द असले तरीही. फोनवर काही ठरलं, तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल करा: आज आपलं असं बोलणं झालं.

१९९१ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर आग लागली, २५ माणसं गेली, हजारो घरं जळली. त्याच वर्षी तिथे विमेदारांच्या बाजूने उभी राहणारी युनायटेड पॉलिसीहोल्डर्स ही ना-नफा संस्था सुरू झाली. तिचं साहित्य इंटरनेटवर मोफत आहे आणि त्यात सामानाच्या यादीचे तयार तक्तेही आहेत. कायदे तिथले असले तरी खोल्यांचे तक्ते कुठल्याही घराला लागू पडतात. त्याहून उपयोगी म्हणजे तुमच्याच भागातल्या घर गेलेल्या लोकांनी एकत्र बसणं. एकाच कंपनीच्या चार पॉलिसीधारकांनी आपापली पत्रं शेजारी ठेवली, की कुणाला काय मान्य झालं आणि कुणाला काय सांगितलंच नाही, ते लगेच कळतं.

गृहकर्ज असेल तर हप्ते आपोआप थांबत नाहीत. बँकेला या आठवड्यात कळवा, सवलतीचा कालावधी लेखी मागा आणि पुढे ढकललेले हप्ते एकदम भरायचे की मुदत वाढवून, तेही विचारा. वीज, गॅस, इंटरनेट बंद करायला सांगा. जळलेल्या घराची बिलं खरोखर येत राहतात.

सासूबाईंकडे वळते, कारण तिथे घाई आणि जपणूक दोन्ही हवं.

जळलेल्या घराची राख ही लाकडाची राख नसते. त्यात रंग, प्लास्टिक, वायरी, बॅटऱ्या, रसायनं सगळं जळून मिसळलेलं असतं. जुन्या बांधकामात शिसं आणि ॲस्बेस्टॉस असू शकतं. सासूबाईंनी रोज तिथे जाऊन बसणं थांबवायलाच हवं, आणि मुलाला तर नेऊच नका. पण 'नका जाऊ' एवढंच म्हणालात, तर त्या कुणाला न सांगता जातील. म्हणून शोध एकदाच, नीट, ठरवून करा.

आधी स्थानिक प्रशासन आत जायला परवानगी देतंय का आणि विम्याच्या सर्व्हेअरने पाहणी केली आहे का, हे तपासा. पाहणीआधी काही हलवू नका, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. उभ्या राहिलेल्या भिंती आणि धुराडी कधीही कोसळू शकतात, गॅसच्या टाक्या आणि लिथियमच्या बॅटऱ्या नंतरही पेटू शकतात. आत जाणाऱ्या प्रत्येकाने एन-९५ मास्क घट्ट बसवून घालावा, सोबत हातमोजे, लांब बाह्यांचे कपडे, जाड तळव्यांचे बूट. राख हलकेच ओली करा म्हणजे उडणार नाही. कोरडा झाडू नको, ब्लोअर तर मुळीच नको. परत येताना ते कपडे-बूट घरात न नेता बाहेरच पिशवीत बांधा. तिजोरी सापडली तर पूर्ण थंड झाल्याची खात्री असल्याशिवाय उघडू नका. आतला कागद तापलेला असतो आणि हवा लागताच भडकू शकतो.

सासूबाईंना बाहेर, जिकडून वारा येतो त्या बाजूला खुर्ची द्या, म्हणजे राख अंगावर येणार नाही, आणि कपाट नेमकं कुठे होतं, अंगठी कुठल्या खणात होती, ते त्यांच्याकडून काढून घ्या. कपाट वरच्या मजल्यावर असेल, तर ते सरळ खाली आलेलं असतं. शोध त्याच्या बरोबर खालच्या जागी घ्यायचा. तिथली राख बारीक चाळणीतून गाळा. सोनं १,०६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि घराच्या आगीत सगळीकडे तेवढं तापमान जात नाही, म्हणून अंगठी मिळू शकते. न मिळाली तर सोन्याचा ओघळलेला थेंब मिळू शकतो. अमेरिकेत टीम रुबिकॉन, सॅमॅरिटन्स पर्स अशा संस्थांचे स्वयंसेवक घरमालकांबरोबर बसून राख चाळून देतात. तुमच्या केंद्रावरही कुणी असं करतं का, विचारा. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ॲल्टाडीना गावात घरं गेली, पण शेकोट्या आणि धुराडी उभी होती. तिथल्या रहिवाशांनी, गवंड्यांनी त्यावरच्या शंभर वर्षं जुन्या हाताने घडवलेल्या फरशा एकेक सोडवून मालकांना परत दिल्या. एवढी आग झाल्यावर एक फरशी हातात येणं म्हणजे काय, हे सासूबाईंना समजावून सांगावं लागणार नाही.

हा शोध सरकारी सफाईच्या आधी व्हायला हवा. सफाईची यंत्रं आली की राखेबरोबर वरची मातीसुद्धा उचलली जाते. संमतिपत्रावर सही करण्याआधी तारीख विचारा आणि त्यात 'आम्हाला आधी चाळणी करायची आहे' असं लिहून द्या.

शेजाऱ्यांचा राग येणं मला समजतं, त्याची लाज वाटून घेऊ नका. पण त्यांचं म्हणणं खरं असू शकतं. ३० डिसेंबर २०२१ ला अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये मार्शल नावाच्या वणव्यात हजारावर घरं गेली. वाचलेल्या घरांची संशोधकांनी तपासणी केली, तेव्हा खिडक्यांच्या फटींतून शिरलेली राख आणि घरातल्या हवेत राहिलेली रसायनं सापडली. कितीतरी लोकांना घरात पाऊल टाकलं की डोकं दुखायचं, घसा खवखवायचा. तुमचे शेजारी इतक्या लवकर राहायला गेलेत, त्यामुळे त्यांना एक गोष्ट मात्र जरूर सांगा, रागात असलात तरी: नळाचं पाणी. कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये सांता रोझा इथे आणि २०१८ मध्ये पॅरडाइज इथे वणव्यानंतर पाण्याच्या नळांत बेंझीन हे कर्करोगकारक रसायन सापडलं. आगीत पाइपांमधला दाब जातो, धूर आत ओढला जातो, प्लास्टिकचे पाइप तापतात. असं पाणी उकळून शुद्ध होत नाही, उलट वाफेबरोबर ते रसायन हवेत येतं. पाणीपुरवठा विभागाने तपासणी करून 'प्या' म्हणेपर्यंत बाटलीचं पाणीच बरं.

जागा विकण्याबद्दल. तुमचे यजमान चुकीचं बोलताहेत, असं मी म्हणणार नाही. ज्या उतारावरून आग आली, त्याच उताराखाली पुन्हा झोपायचं नाही, ही भावना खरी आहे, आणि दुसरीकडे जाऊन लोक सुखाने राहतातही. फक्त आत्ता नको, आणि त्या फोनवाल्याला तर नकोच. तो घर जळल्यावर तीन आठवड्यांच्या आत फोन करतो, कारण तुम्ही थकलेले आहात हे त्याला माहीत असतं. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईतलं लाहैना शहर जळलं, तेव्हा अशा फोनांचा इतका सुळसुळाट झाला की राज्यपाल जॉश ग्रीन यांनी न मागितलेल्या खरेदीच्या ऑफरींवर तिथे बंदी घातली. जानेवारी २०२५ च्या लॉस एंजेलिसच्या वणव्यांनंतर कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनीही जळलेल्या भागांत बाजारभावापेक्षा कमी दराच्या अशा ऑफरी तीन महिन्यांसाठी बंद केल्या. दोन वेगवेगळ्या राज्यांना हे करावं लागलं, यावरून त्या फोनामागे काय असतं ते कळतं.

यजमानांना म्हणा, विम्याचा आकडा हातात येईपर्यंत थांबू. त्याआधी तुम्हाला माहीतच नाही की बांधायला किती मिळणार आहे, आणि काही पॉलिसींत तेच पैसे दुसरीकडे घर घेण्यासाठीही वापरता येतात. त्यांना वाट पाहणं जड जात असेल, तर एक काम त्यांच्याकडे द्या: पहिल्या मोठ्या पावसाआधी जागेच्या वरचा उतार एखाद्या जाणकाराला दाखवणं. झाडं जळालेल्या उताराची माती पाणी शोषत नाही. डिसेंबर २०१७ च्या थॉमस वणव्यानंतर ९ जानेवारी २०१८ ला कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटो इथे थोडा वेळ जोराचा पाऊस झाला आणि जळक्या डोंगरावरून चिखल-दगडांचा लोंढा आला. त्यात २३ माणसं गेली. तुमच्या शेजाऱ्यांसाठीसुद्धा ही पाहणी गरजेची आहे. आणि जागा ठेवायची की सोडायची, हे ठरवताना यजमानांना त्या पाहणीचा उपयोग होईल, माझ्या किंवा कुणाच्याही मतापेक्षा जास्त.

कॉन्ट्रॅक्टर स्वतःहून दारी आला, तर परवाना आणि आधीची कामं बघा, आणि सगळे पैसे आगाऊ कुणालाच देऊ नका. सरकारी तपासनीस म्हणून आलेला कुणी फी मागत असेल, तर तो सरकारी नाही.

'जिवानिशी वाचलात ना!' लोक हे प्रेमाने म्हणतात, पण त्यानंतर आपल्याला रडायची मुभा उरत नाही. तुम्ही वाचलात आणि तुमचं घर गेलं, दोन्ही खरं आहे. व्हिक्टोरियातल्या त्या वणव्यांनंतर मेलबर्न विद्यापीठाने बरीच वर्षं तिथल्या लोकांचा अभ्यास केला. बहुतेक माणसं सावरली. पण सर्वांत जास्त झळ बसलेल्या गावांत तीन-चार वर्षांनंतरही साधारण चारातल्या एकाला मनाचा गंभीर त्रास होता. ज्यांच्याभोवती माणसं होती, ती जास्त सावरली. म्हणजे तीन आठवड्यांत तुम्ही वही उघडून रडताय, यात काळजीचं काही नाही. झोप महिनोन्महिने येत नसेल, धुराच्या वासाने शरीर थरथरत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जायचं, आणि जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी. यजमानांवरही लक्ष ठेवा. 'विकून मोकळं होऊ' असं म्हणणारा माणूस अनेकदा रडू शकत नसलेला माणूस असतो.

मुलाचं पत्रात शेवटी लिहिलंत, मीही शेवटी घेते. नऊ वर्षांच्या मुलाला खोटं सांगू नका आणि सगळं एकदम सांगूही नका. तो विचारेल तेवढं खरं सांगा. शाळा लवकरात लवकर सुरू होऊ दे, जुन्याच वर्गमित्र-मैत्रिणींची असेल तर उत्तम. रात्री तो घाबरून उठला तर थोडे दिवस जवळ झोपू द्या.

आणि त्याने यादीबद्दल विचारलंय, तर त्याला यादीत घ्या. त्याच्या खोलीचं पान त्याचं त्याने करू दे. तो तुमच्यापेक्षा जास्त अचूक करेल, कुठल्या खेळण्याचं चाक तुटलं होतं इथपर्यंत. आजच्या संध्याकाळच्या अर्ध्या तासात दुसरं काहीच घेऊ नका. त्याला शेजारी बसवा आणि लिहा: सायकल, एक. मग त्यालाच विचारा, रंग कुठला होता, गिअर होते का, घंटी कधी बसवली.